गेमिंग पीसी टेबलाजवळून हलवून जिन्याखालच्या रॅकमध्ये: चेसिस, केबल, गरमी (इंदूर)

जिन्याखाली · शुक्रवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. अभ्यासाच्या खोलीतला गेमिंग पीसी जिन्याखालच्या कोठीत १९ इंची रॅकमध्ये न्यायचा आहे. खोलीतला आवाज जावा आणि एप्रिल ते जून तिथे साठणारी गरमी जावी, हे दोन उद्देश.

माहिती अशी: प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०८० सुपर (लांबी ३१० मिमी, उंची १४० मिमी, तीन खाचांचे), ८५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), प्रोसेसरवरचा टॉवर कूलर १५८ मिमी. मॉनिटर २७ इंची, २५६०×१४४०, १६५ हर्ट्झ. कोठी ६ फूट लांब, ४ फूट रुंद, छत उतरते, सरासरी उंची ६ फूट. तिची एक भिंत गल्लीकडे आहे. टेबल ते कोठी सरळ अंतर ९ मीटर, मध्ये विटांची एक भिंत.

एका दुकानात ९यू उंचीचा (यू हे रॅकमधल्या उंचीचे माप), ५५० मिमी खोलीचा भिंतीवरचा काचेच्या दाराचा रॅक पाहून ठेवला आहे. घ्यावा का? आणि ९ मीटरवर डिस्प्ले कसा न्यायचा?

चारयू · रात्री ९:५८

तो रॅक घेऊ नका. तो नेटवर्क स्विच आणि पॅच पॅनेलसाठी असतो. बाहेरून ५५० मिमी म्हणजे आत वापरता येणारी खोली साधारण ४५०. तुमच्या कार्डाला बसेल असे ४यू चेसिस (रॅकमध्ये बसणारी पीसीची पेटी) ४५० मिमीच्या आसपास असते आणि मागे डिस्प्लेपोर्ट, पॉवर कॉर्ड यांच्या वळणाला किमान ८० ते १०० मिमी लागतात. मागचे पॅनेल लागणारच नाही. शिवाय कार्ड, एसएमपीएस धरून भरलेले चेसिस १५ ते २० किलोचे होते. जुन्या विटांच्या भिंतीत फास्टनर गिलाव्यातच अडकला तर हे वजन धरत नाही.

जमिनीवर उभा, चाकांचा, १२यू किंवा १५यू, खोली ८०० मिमी, पुढे-मागे जाळीचा दरवाजा असा रॅक बघा. १यू म्हणजे १.७५ इंच, ४४.४५ मिमी. ४यू चेसिस, खाली यूपीएस, वर राउटर-स्विच एवढ्याला १२यू पुरते. चाकांमुळे रॅक ओढून मागे हात घालता येतो. ४ फूट रुंद कोठीत मागून शिरायला जागा नसते, तेव्हा ही सोय फार मोलाची.

आता उंचीचा हिशोब नीट बघा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ४यू म्हणजे बाहेरून १७७.८ मिमी. पत्रा, स्टँडऑफ (मदरबोर्ड टेकवायचे छोटे खांब), मदरबोर्डाची जाडी वजा केली की बोर्डाच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंत साधारण १६५ मिमी उरतात. तुमचा १५८ चा कूलर कागदावर बसेल, पण बोर्डापासून प्रोसेसरच्या माथ्यापर्यंतचे ७-८ मिमी त्यात धरलेले नसतात, म्हणून झाकण लागणार नाही. बऱ्याच ४यू चेसिसची लिहिलेली मर्यादा १२० ते १५० च्या दरम्यानच असते. नॉक्टुआचा एनएच-यू९एस १२५ मिमीचा आहे आणि ७८००एक्स३डी गेममध्ये फार वीज खात नाही, त्याला तो पुरतो.

कार्डाची अडचण वेगळी. १४० मिमी उंची, वर १६ पिनांचा पॉवर कनेक्टर, आणि त्याची केबल पहिले ३५ मिमी सरळ ठेवून मगच वळवायची असते. १४० अधिक ३५ म्हणजे १७५. झाकण केबलला दाबणार, कनेक्टर एका बाजूने किंचित उचलला जाणार आणि पिना तापणार. कनेक्टर कार्डाच्या खोबणीत आत बसवलेला असेल तर १०-१५ मिमी वाचतात. तेवढे पट्टीने मोजा, कंपनीच्या आकड्यांवर विसंबू नका. मोजून बसत नसेल तर एसएमपीएसच्याच कंपनीची, कार्डाच्या टोकाला ९० अंश वळलेली मूळ केबल घ्या. मध्ये बसवायचे कोनी अडॅप्टर घेऊ नका. तशा अडॅप्टरांची एक मोठी खेप तापण्याच्या तक्रारींवरून २०२४ मध्ये परत मागवली गेली होती.

फायदाही सांगतो. रॅकमध्ये बोर्ड आडवा झोपतो, कार्ड उभे राहते, त्यामुळे कार्ड वाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

जिन्याखाली · रात्री १०:१५

कनेक्टर खोबणीत आहे, मोजला तर १२ मिमी आत. म्हणजे १६३. फारच काठावर.

चारयू · रात्री १०:२१

मग ९० अंशाची केबलच. आणि चेसिस घेताना आणखी एक गोष्ट विचारा: मध्ये पंख्यांची भिंत आहे का? अनेक ४यू चेसिसमध्ये मागच्या पत्र्यापासून २८०-३०० मिमीवर तीन १२० मिमी पंख्यांची आडवी पट्टी असते. ३१० चे कार्ड तिथे जाऊन आपटते. पंखे अगदी पुढे, दर्शनी जाळीमागे असलेले चेसिस हवे.

चेसिस फक्त पुढच्या कानांवर (दर्शनी बाजूच्या भोकांच्या पट्ट्यांवर) टांगू नका. कान चेसिस जागेवर धरून ठेवायला असतात, वजन पेलायला नाही. खाली दोन्ही बाजूंना एल-अँगलचे रेल लावा, एम६ स्क्रू आणि केज नट (रॅकच्या चौकोनी भोकांत अडकणारे नट). केज नट सियागंजात सुटे मिळतात, रॅकसोबत येणारे नेहमी कमी पडतात. वीसेक जास्तीचे घेऊन ठेवा.

वारावाहता · रात्री १०:४०

चेसिसवर एवढे लिहून झाले पण कोठीची हवा कुठे जाणार हे कोणी विचारलेच नाही. पीसी हलवला म्हणजे गरमी नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्या खोलीत जाते. आणि ती खोली आधीपेक्षा खूप लहान आहे.

तुमची कोठी १४४ घनफूट, म्हणजे सुमारे ४ घनमीटर. गेम चालू असताना यंत्र साधारण ४५० वॅट ओतणार. भिंतींनी काहीच शोषले नाही असे धरले तर एवढी हवा दर ११ सेकंदाला एक अंश तापते. भिंती, पायऱ्या शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेळ लागतो, पण दार बंद ठेवून दोन तास खेळलात की त्याही तापतात आणि मग रात्रभर ती ऊब सोडत राहतात.

किती हवा हवी याचे साधे सूत्र: वॅट गुणिले ३, भागिले जितके अंश वाढ चालेल तितके. उत्तर घनमीटर प्रतितास. ४५० वॅट आणि ८ अंश वाढ चालणार असेल तर सुमारे १७० घनमीटर प्रतितास, म्हणजे १०० सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट). ५ अंशच हवी असेल तर २७०. सहा इंची एक्झॉस्ट पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. झडप, जाळी, पाइप लागला की तो बराच घसरतो. म्हणून ८ अंशांचा हिशोब करून २५०-३०० लिहिलेला पंखा घ्या.

गल्लीकडची भिंत ही तुमची जमेची बाजू. पंखा त्या भिंतीत, जिन्याच्या उंच टोकाला, बाहेर फेकणारा. हवा आत येण्याची वाट कोठीच्या दारात, खाली. एक फूट बाय एक फूट जाळी लावा. जाळीचा निम्मा भाग पत्राच असतो, त्यामुळे मोकळी जागा अर्धा चौरस फूट उरते आणि १७० घनमीटरला ती पुरते. जाळी लहान ठेवली तर पंखा नुसता आवाज करतो, हवा सरकत नाही.

हवा घरातून घ्यायची, बाहेर गल्लीत सोडायची. उलटे केले तर मे महिन्यात दुपारची ४० अंशांची, धुळीची हवा थेट पीसीत जाईल. आत जाणारी हवा जितके अंश गरम, साधारण तितकेच अंश कार्डाचे तापमानही चढते. २७ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारे कार्ड ४० अंशांच्या हवेत ८३ च्या आसपास जाते आणि तिथून ते आपला वेग कमी करू लागते.

रामबागी · रात्री १०:५२

आणि पाण्याच्या कूलरची हवा सोडली तर? अभ्यासाच्या खोलीत कूलर आहे असे धरून विचारतोय.

वारावाहता · रात्री ११:०५

कूलर चालू असलेल्या घरातली हवा जाळीतून गेली तर हरकत नाही. पीसीचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. पण कूलरचे तोंड थेट जाळीकडे ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि सुकल्यावर हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थर बसतो. तो फुंकून निघत नाही.

शिवाय कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणा. ३२० चे २५६ वॅट होतात, खेळण्यात फरक जेमतेम जाणवतो. उन्हाळ्यापुरते हे कराच.

प्रकाशतंतू · शनिवार, सकाळी ७:३०

डिस्प्लेचे सांगतो. २५६०×१४४०, १६५ हर्ट्झ, १० बिट याला साधारण २० गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये प्रत्यक्ष २५.९२ मिळतात, म्हणजे बसते. पण या वेगाला साधी तांब्याची केबल दोन मीटरपर्यंत भरवशाची, तीनला नशिबावर. ९ मीटर सरळ अंतर म्हणजे खाली उतरणे, वळसे, रॅक ओढायला ढील धरून १४ मीटर होतात. १५ मीटरची ऑप्टिकल डिस्प्लेपोर्ट केबल घ्या.

तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेले असते. उलटी ओढली तर काळा पडदा आणि पुन्हा सगळी बाहेर काढा. पाइपात घालण्यापूर्वी दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा.

पाइप ५० मिमीचा टाका. २५ मिमीच्या पाइपातून केबल जाते, कनेक्टर जात नाही, आणि ऑप्टिकल केबलचे टोक कापून पुन्हा बसवता येत नाही. भिंतीला छिन्नी मारत बसण्यापेक्षा कोअर कटिंगवाल्याकडून ६५ मिमीचे भोक पाडून घ्या, गिलावा फुटत नाही. काटकोनी एल्बो वापरू नका, लांब वळणाचे बेंड घ्या. ओढताना दोरी कनेक्टरला न बांधता मागे केबलच्या अंगाला बांधा, टोकावर फेस मास्क किंवा मऊ कापड गुंडाळा. उरलेली केबल वीतभर व्यासाच्या वेटोळ्यात ठेवा, घट्ट बांधू नका.

उशीर होईल का, हे कोणी विचारण्याआधीच: प्रकाशाला काचेतून मीटरमागे ५ नॅनोसेकंद लागतात. १५ मीटरला ७५. खेळणाऱ्याला याचा काडीचाही फरक पडत नाही.

रामबागी · सकाळी ८:१०

एवढी तोडफोड करण्यापेक्षा कोठीत पीसी, टेबलावर जुना लॅपटॉप, मध्ये गिगाबिट केबल आणि सनशाइन-मूनलाइट (पीसीचे चित्र नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर दाखवणारी सॉफ्टवेअर) वापरून चित्र का आणू नये? एक कॅट६ ओढली की काम झाले.

प्रकाशतंतू · सकाळी ८:३४

टीव्हीसमोर गेमपॅड घेऊन खेळायला उत्तम उपाय आहे. पण त्यात चित्र आधी दाबले जाते, मग उलगडले जाते. प्रत्येक फ्रेमला काही मिलीसेकंद वाढतात, आणि जुन्या लॅपटॉपचा डिकोडर १४४० ला १६५ फ्रेम काढू शकेलच असे नाही. नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला ते जाणवते. धागाकर्त्यांनी १६५ हर्ट्झचा मॉनिटर मुद्दाम घेतला असणार, तर थेट केबलच योग्य. कॅट६ मात्र ओढाच, दोन ओढा. का ते यूएसबीच्या प्रतिसादात सांगतो.

प्रकाशतंतू · सकाळी ९:०२

यूएसबी. चित्र पहिल्या दिवशी येते. महिनाभर छळतो तो माउस-कीबोर्ड-हेडसेटचा भाग.

यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंत. पुढे दोन रस्ते. एक, दर ५ मीटरला छोटा हब असलेली सक्रिय एक्स्टेन्शन केबल. यूएसबीच्या साखळीत जास्तीत जास्त ५ हब चालतात. १५ मीटरची केबल दोन-तीन खाते, टेबलावरचा हब एक, त्याला लागून मॉनिटरचा हब किंवा कीबोर्डमधला हब जोडला की मर्यादा संपते आणि शेवटचे उपकरण दिसतच नाही. दोन, कॅट६ वरून जाणारा यूएसबी एक्स्टेन्डर. घेताना ४८० मेगाबिट लिहिलेलाच घ्या. स्वस्तातले १२ मेगाबिटचे असतात, त्यावर कीबोर्ड चालतो आणि हेडसेट तुटतो. आणि ती कॅट६ थेट एका डबीतून दुसऱ्या डबीत गेली पाहिजे. मध्ये नेटवर्क स्विच लावला तर चालत नाही, तो संकेत इथरनेटचा नसतो. दुसरी कॅट६ म्हणूनच सांगितली.

ऑप्टिकल यूएसबी ३ केबलही मिळते. पण काही केबलींत यूएसबी २.० च्या तारा नसतातच. त्यावर पेनड्राइव्ह पळतो आणि माउस मेलेला. विकत घेण्याआधी 'यूएसबी २.० सुसंगत' असे शब्द शोधा.

टेबलावरच्या हबला स्वतःचा ५ व्होल्ट अडॅप्टर हवा. १५ मीटरच्या बारीक तारेत व्होल्टेज पडते, कीबोर्डचे दिवे लुकलुकतात. हब निवडताना दोन गोष्टी. काही हब अडॅप्टरची वीज उलटी पीसीकडे ढकलतात, पीसी बंद करूनही बोर्डावरचे दिवे जळत राहतात, तो हब परत करा. दुसरी, १००० हर्ट्झचा माउस आणि यूएसबी डॅक (हेडफोनसाठीचे बाहेरचे साउंड कार्ड) हे दोघेही १२ मेगाबिटच्या वर्गातले असतात. साध्या हबमध्ये अशा सगळ्या उपकरणांना एकच अनुवादक मिळतो आणि आवाजात टिकटिक येते. 'मल्टी टीटी' लिहिलेला हब प्रत्येक पोर्टला वेगळा देतो.

वायरलेस माउसचा डोंगल टेबलावर, यूएसबी ३ पोर्टपासून हातभर लांब. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो, इंटेलने २०१२ मध्येच ते मोजून दाखवले. ब्लूटूथही टेबलाकडेच हवे, लोखंडी रॅकच्या आतून पोचणार नाही.

जिन्याखाली · सकाळी ९:४०

मनापासून आभार, वाचनखूण साठवली. पॉवर बटणाचे काय करायचे? दर वेळी कोठीत जाणे नको आहे.

तांबेवायर · सकाळी १०:१५

बटण म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडणे, एवढेच. विजेचा प्रवाह नगण्य. कॅट६ ची एक जोडी किंवा बेलची बारीक तार १५ मीटर न्या, टेबलाखाली दाबून सोडायचे बटण लावा. बटणाला उलटसुलट नसते, एलईडीला असते. ही तार मेन्सच्या पाइपातून नेऊ नका. कीबोर्डने चालू करायचे असेल तर बायोसमध्ये ईआरपी (पीसी बंद असताना वीज वाचवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर पीसी बंद केल्यावर यूएसबीची वीजच जाते.

आता अर्थिंग, हे वरवर घेऊ नका. एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरांतून थोडा प्रवाह अर्थकडे जात असतो. अर्थ जोडलेलेच नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या साधारण निम्मे व्होल्टेज येते आणि हात लावला की झिणझिण्या येतात. टेबलावर असताना कॅबिनेटला कोणी हात लावत नाही, इथे अख्खा रॅक त्याला जोडलेला असणार. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये ३ व्होल्टपर्यंत ठीक, ५ च्या वर गेले तर आधी अर्थिंग दुरुस्त. जुन्या घरांतल्या जिन्याखालच्या पॉइंटला बहुतेक वेळा अर्थची तार पोचलेलीच नसते, नुसते तिसरे भोक असते.

कोठीत वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिमी तार, स्वतंत्र एमसीबी. रॅकच्या अंगावर अर्थचा स्क्रू असतो, तोही जोडा.

यूपीएस शुद्ध साइन वेव्हचा, १५०० व्हीए आणि ९०० वॅटच्या आसपास. व्हीएचा आकडा बघून फसू नका, वॅट बघा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी टाकू नका. वीज गेल्यावर एसएमपीएस पूर्ण भाराला १२ ते १७ मिलीसेकंद तग धरतो, इन्व्हर्टर त्याहून उशिरा आला की पीसी रीस्टार्ट. यूपीएस रॅकच्या तळाशी ठेवा: जड आहे म्हणून, आणि बॅटरीला गरमी सोसत नाही म्हणून. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते.

बडोदेकर_२ · सकाळी ११:०८

तळाशी ठेवण्याबद्दल आमच्या गावचा इशारा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात तळमजल्यांवर शिरले होते. सखल भागात कोणी हा धागा वाचून रॅक लावणार असेल तर रॅकच फूट-दीड फूट उंच चौथऱ्यावर घ्या आणि प्लग पॉइंट त्याहून वर. चौथऱ्यावर चाके काढून पाय बसवायचे.

पावसाळ्यात दमट हवेने रॅकचे केज नट गंजतात, झिंक चढवलेले घ्या.

वारावाहता · सकाळी ११:३०

रॅकमधली रचना: चेसिसच्या वरखाली मोकळ्या राहिलेल्या यू-जागांवर पुढून कोरे पॅनेल लावा. नाहीतर मागची गरम हवा रॅकच्या आतूनच पुढे येते आणि पुन्हा चेसिसमध्ये शिरते. कोठीत पंखा जोरात, तरी कार्ड तापतेय, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा कारण हेच निघते. काचेचे दार असेल तर ते काढूनच ठेवा.

जिन्याखाली · दुपारी १२:१०

आता क्रम सांगा. आधी काय करू?

चारयू · दुपारी १२:४५

भिंतीला हात लावण्याआधी केबल जमिनीवरून ओढा. पीसी आहे त्याच कॅबिनेटमध्ये कोठीत नेऊन ठेवा, ऑप्टिकल केबल आणि यूएसबी एक्स्टेन्डर दारातून मोकळे टाका आणि चार दिवस असेच वापरा. या चार दिवसांत काय तपासायचे: मॉनिटर झोपून उठल्यावर चित्र परत येते का (काही ऑप्टिकल केबली इथेच अडतात), बायोसचा पडदा दिसतो का, १६५ हर्ट्झला तासभरात एकदाही काळी झाक येते का, हेडसेट बोलताना तुटतो का. काही खटकले तर केबल परत करण्याची मुदत हातात असते.

त्याच चार दिवसांत कोठीत तापमापी टांगा. एकदा दार उघडे, एकदा बंद ठेवून दोन तास खेळा आणि आकडे इथे लिहा. त्यावरून पंखा केवढा घ्यायचा ते नक्की होईल. मग भिंतीतला पंखा आणि जाळी, मग वीज-अर्थिंग, मग पाइप, आणि चेसिस-रॅक सगळ्यात शेवटी. चेसिस आधी घेऊन ठेवले की लोक घाईने बंद कोठीत बसवून मोकळे होतात.

कोठीत एक साधी छोटी एचडीएमआय केबल आणि जुना मॉनिटर कायम ठेवा. चित्र गेले तर दोष कार्डाचा की लांब केबलचा, हे दोन मिनिटांत कळते.

तांबेवायर · दुपारी १:०५

पाइपाची दोन्ही तोंडे शेवटी बंद करा. उंदराने ऑप्टिकल केबल कुरतडली तर दुरुस्ती नाही, नवीनच घ्यावी लागते. फोमचा फवारा मारू नका, पुढे केबल बदलता येणार नाही. स्टीलचा काथ्या, भांडी घासायचा असतो तो, घट्ट कोंबा, पण त्याचे तुकडे रॅकच्या आत पडू देऊ नका. आणि पाइपात एक रिकामी नायलॉन दोरी सोडून ठेवा, पुढची केबल तिलाच बांधून ओढायची.

जिन्याखाली · दुपारी १:२०

केबल आणि एक्स्टेन्डर आजच मागवतो. कोठीतले तापमान दार उघडे आणि बंद, दोन्ही मोजून पुढच्या रविवारी इथेच टाकतो.